विसर्जनाच्या आदल्या रात्रीची फायनल

आमच्या चाळीच्या गणपतीचं जागरण अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री असतं. दहानंतर भजन, मग चहाचं मोठं पातेलं, आणि एकदा म्हातारी मंडळी चटईवर ऐसपैस बसली की गप्पा क्रिकेटवर येतातच. गेली कित्येक वर्षं हा क्रम चुकलेला नाही.

आधी नाना सुरू करत. १९८३ चा विश्वचषक, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध १७ धावांत ५ गडी बाद, आणि कपिलदेवच्या नाबाद १७५. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालं नाही. नानांनीही ती खेळी पाहिलेली नव्हती, पेपरात वाचलेली. पण ते अशी सांगत, की आम्हा पोरांना प्रत्येक फटका दिसायचा. जे पुन्हा बघता येत नाही ते नीट सांगायला हवं, एवढं मी त्यांच्याकडून शिकलो.

त्यानंतर फर्माईश माझ्याकडे येते. ‘ती दोन हजार सातची सांग रे.’

ट्वेंटी-२० चा तो पहिलाच विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत होता, पण आमच्यासाठी तो गणपतीतच झाला. १४ सप्टेंबरला सामना बरोबरीत सुटला आणि आपण पाकिस्तानला ‘बोल-आउट’मध्ये, म्हणजे रिकाम्या स्टंपवर चेंडू मारायच्या चुरशीत, ३-० ने हरवलं, तेव्हा आम्ही मखराला शेवटची झालर लावत होतो. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. पाचव्या दिवशी युवराजने इंग्लंडच्या ब्रॉडला एका षटकात सहा षटकार मारले. आणि फायनल आली सोमवारी, २४ तारखेला. बरोबर जागरणाच्या दिवशी! समोर पुन्हा पाकिस्तान.

तळमजल्यावरच्या काकूंनी आपला एकवीस इंची रंगीत टीव्ही मंडपात आणायला दिला. कॅरमच्या टेबलावर तो मांडला, तर तोंड असं आलं की बघणाऱ्यांची पाठ मूर्तीकडे होत होती. नाना उठले. म्हणाले, ‘बाप्पाकडे पाठ करून मॅच बघायची नाही.’ मग टेबल आडवं फिरवलं, केबलची वायर खांबाला बांधून लांबवली, आणि सगळी चाळ एका अंगाला, मूर्ती दुसऱ्या अंगाला अशी बैठक जमली. त्या एका वाक्यासाठी नानांबद्दलचा माझा आदर आजही तसाच आहे.

गंभीरच्या ७५ आणि शेवटी रोहित शर्माच्या नाबाद ३० धावांनी आपले १५७ झाले. आरती रोज साडेसातला व्हायची, त्या दिवशी ती दोन डावांच्या मधल्या वेळेत झाली. मंत्रपुष्पांजली संपता संपता आर. पी. सिंग पहिला चेंडू टाकायला धावू लागला होता. पुढे इरफान पठाणने कंबरडं मोडलं. पाकिस्तान ७७ वर सहा बाद! कोणीतरी ढोल बाहेर काढलासुद्धा.

मग त्यांचा मिसबाह उभा राहिला. हरभजनच्या एका षटकात त्याने तीन षटकार मारले आणि मंडपात टाळ वाजायचेही थांबले. शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या, एकच गडी शिल्लक. धोनीने चेंडू जोगिंदर शर्माकडे दिला. पहिला वाइड. पुढचा हुकला. मग फुलटॉस, आणि सरळ षटकार. चार चेंडूंत सहा. काकूंनी डोळे मिटले, हातातला प्रसादाचा द्रोण तसाच धरलेला, त्यातली साखर झिरपून साडीवर सांडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मिसबाह ऑफला सरकला, मागे उचलला, चेंडू वर गेला. शॉर्ट फाइन लेगला श्रीशांत. तो चेंडू खाली यायला किती वेळ लागला असेल? मला तर आजही तो वरच दिसतो.

झेल पकडला. पाच धावांनी जिंकलो.

पुढचं सांगायला शब्द पुरत नाहीत. ढोल, ताशे, गुलाल. जो गुलाल उद्यासाठी ठेवला होता तो रात्रीच निम्मा संपला. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला चौपाटीवर पहाट झाली, आणि घरी येऊन अंघोळ करून आम्ही तसेच चर्चगेटला गेलो, कारण २६ ला संघ मुंबईत उतरला होता आणि उघड्या बसमधून वानखेडेला येणार होता. कानामागचा गुलाल धुतल्यावरही गेला नव्हता. गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्याही कानामागे तसाच गुलाल होता. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

२०११ ची फायनल तर आमच्या वानखेडेवर झाली, धोनीचा तो षटकार मी जन्मात विसरणार नाही. तरी जागरणाला कोणी तो मागत नाही. मागतात ते हेच षटक.

आता नाना नाहीत. ते गेल्यापासून १७५ धावाही मीच सांगतो. गेल्या वर्षी सांगून झालं, तर २००७ नंतर जन्मलेली पोरं रात्री एक वाजता अंगणात उतरली आणि रबरी चेंडूने ते शेवटचं षटक खेळू लागली. पहिल्या मजल्यावरची धाकटी श्रीशांत झाली होती. तिच्या हातून झेल सुटला. ‘परत, परत!’ म्हणत तिने चेंडू गोलंदाजाकडे फेकला, आणि काकूंनी दिवा लावला.