बसून सरकणारे बाळ: धाकट्याच्या पहिल्या वर्षाची वही

धाकटा नुकताच एक वर्षाचा झाला आणि तो अजून एकदाही रांगलेला नाही. तो बसून सरकतो. एक पाय पुढे मुडपलेला, दुसरा लांब केलेला, एका हाताचा तळवा फरशीवर टेकवलेला, आणि त्या तळव्याच्या जोरावर सगळी बैठक पुढे ढकलायची, अशा रीतीने तो स्वयंपाकघरापासून गॅलरीच्या दारापर्यंत इतक्या वेगाने पोचतो की दुधाखालचा गॅस बंद करून मी मागे वळेपर्यंत त्याने कुंडीतली माती तोंडात घातलेली असते. त्याची ताई दहाव्या महिन्यात चालू लागली होती. त्यामुळे आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी अगदी प्रेमाने "चालतो का आता?" असे विचारतात आणि उत्तर ऐकल्यावर "ताई तर केव्हाच पळत होती" अशी पुस्ती जोडतात.

दुसऱ्या मुलाच्या वाढीची नोंद ठेवताना सर्वांत मोठा अडथळा पहिल्या मुलाच्या आठवणीचा असतो, असे माझे मत झाले आहे. पहिल्या खेपेला आपल्यासमोर पुस्तकातले किंवा मोबाईलवरचे कोष्टक असते आणि त्यातल्या आकड्यांकडे आपण निदान शंकेने तरी पाहतो. दुसऱ्या खेपेला ते कोष्टक घरातच वावरत असते, त्याला दोन वेण्या असतात आणि त्याच्याबद्दल शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. शिवाय आठवणीतले मूल खऱ्या मुलापेक्षा नेहमी थोडे लवकर बसते, लवकर बोलते आणि रात्री जास्त झोपते.

म्हणून धाकट्याच्या वेळी मी थोरलीची वही मुद्दाम माळ्यावरच राहू दिली आणि तुलना करायचीच असेल तर ती मोठ्या अभ्यासांशी करायची असे ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील निरोगी मुलांच्या वाढीचा अभ्यास केला, ज्यात भारतातून दक्षिण दिल्लीतील मुले होती. त्यावरून २००६ मध्ये जी मानके प्रसिद्ध झाली, त्यांत वजन-उंचीच्या आलेखांबरोबर बसण्या-चालण्याच्या सहा टप्प्यांचे कालपट्टेही आहेत. आधाराशिवाय बसण्याचा पट्टा ३.८ ते ९.२ महिन्यांचा, हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिन्यांचा आणि स्वतंत्रपणे चालण्याचा तर ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंतचा आहे. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारी आमची थोरली आणि सतराव्या महिन्यात पहिले पाऊल टाकणारे एखादे बाळ ही दोन्ही मुले या पट्ट्यात सारख्याच हक्काने बसतात. त्याच अभ्यासातली सुमारे चार टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटली.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या विकासटप्प्यांच्या याद्या सुधारल्या, तेव्हा त्यांतून रांगणे चक्क वगळले आणि प्रत्येक टप्पा किमान ७५ टक्के मुले ज्या वयापर्यंत गाठतात त्या वयासमोर लिहिला. फिजिओथेरपी करणाऱ्या अनेकांना हे वगळणे रुचले नाही. रांगण्याने खांदे आणि मनगटे बळकट होतात, हा त्यांचा मुद्दा मलाही पटतो. पण एखादी गोष्ट मुलासाठी चांगली असणे आणि ती न केल्यास मुलात काही उणे असणे यांत फरक आहे, आणि आईच्या वहीत हा फरक दिसायला हवा.

माझ्या वहीत प्रत्येक टप्प्यासमोर तारखेपेक्षा ‘कसे’ याला जास्त जागा आहे. उदाहरणार्थ, मान सावरू लागला एवढेच न लिहिता, तो पाठीवर निजला असता मान कोणत्या बाजूला ठेवतो, हे मी लिहू लागले. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या नोंदींत ‘उजवीकडे’ हा एकच शब्द वारंवार येत होता, आणि डोक्याचा मागचा भाग त्या बाजूला किंचित चपटा वाटत होता. आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी त्याची मान दोन्ही बाजूंना फिरवून स्नायू आखडलेला नाही याची खात्री केली आणि पाळणा खोलीत कसा ठेवला आहे ते विचारले. उजव्या बाजूला ताईचा पलंग होता आणि सगळी करमणूक त्या बाजूलाच चालत असे! बाळाला पाठीवरच झोपवायचे, पण पाळण्यातली उशाची आणि पायथ्याची बाजू रोज बदलायची, आणि जागेपणी काही वेळ पोटावर ठेवायचे, असे त्यांनी सांगितले. पहिले दोन्ही आम्ही पाळले. पोटावर ठेवणे मात्र धाकट्याला कधीच मानवले नाही. पालथे घातले की तो मिनिटभर मान उचलून घर डोक्यावर घेत असे, आणि पुढे बसून सरकण्याची जी हकीकत घडली तिचे मूळ बहुधा या नावडीत होते.

बोलण्याच्या बाबतीत दोन मुलांच्या घरात नोंद ठेवणे जरा अवघड जाते, कारण धाकट्याने ‘आ’ करायच्या आत थोरली त्याच्या वतीने "त्याला पाणी हवंय" असे जाहीर करून मोकळी होते. नावाला ओळखतो का, हे पाहतानाही एक गंमत झाली. त्याचे नाव घेतले की तो वळे, आणि ताईचे नाव घेतले तरी तितक्याच तत्परतेने वळे, कारण दिवसभर या घरात सर्वांत जास्त पुकारले जाणारे नाव तिचेच आहे. मॅडमनी सुचवल्याप्रमाणे, घर शांत असताना, त्याच्या मागे उभे राहून, नेहमीच्या आवाजात आधी कुठलाही भलताच शब्द आणि मग त्याचे नाव उच्चारून पाहिले, तेव्हा खरा उलगडा झाला. नऊ महिन्यांच्या आसपास मूल नावाला वळत नसेल, किंवा वर्षाचे होईपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ काढत नसेल, टाटा करत नसेल, काही हवे असल्यास हात पुढे करत नसेल, तर श्रवणतपासणीपासून सुरुवात करावी लागते. ‘धाकटी मुले उशिराच बोलतात’ असे म्हणून वाट पाहत बसू नये. आमच्याकडे बोलण्याआधी समजणे आले. "काऊ कुठाय?" असे विचारले की तो गॅलरीच्या ग्रिलकडे पाहतो, मग तिथे कावळा असो वा नसो.

हातांच्या प्रगतीबद्दल थोडक्यात सांगते. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेणे सातव्या महिन्यात जमले आणि दहाव्यात त्याने ताटाबाहेर सांडलेले भाताचे शीत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अचूक उचलले. त्याच संध्याकाळी ताईचे मण्यांचे डबे आणि बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी खेळणी माळ्यावर गेली. थोरलीच्या वेळी घरात असल्या वस्तूच नव्हत्या. दुसऱ्या बाळाची चिमटी वेळेवर येणे ही आनंदाची आणि धोक्याची नोंद एकाच ओळीत लिहावी लागते.

वजनाचे आकडे मी घरच्या काट्यावर घेत नाही. जन्माचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते, हा ढोबळ हिशेब सर्वांना ठाऊक असतो. पण आलेखावर त्याहून जास्त कळते. थोरलीची रेषा वरच्या अंगाने गेली होती, धाकट्याची मधल्या रेषेच्या खालून जाते, आणि ती आपला मार्ग न सोडता चढते आहे, एवढेच पाहायचे असते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या वेळी मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डात मुलगा आणि मुलगी यांचे वेगवेगळे आलेख छापलेले असतात, शिवाय विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी नातवाला अंगणवाडीत वजनाला नेतात आणि ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. महागड्या अॅपवर रोज हिरव्या खुणा करणाऱ्या कित्येक आयांपेक्षा त्यांना आपल्या बाळाचा आलेख जास्त चांगला वाचता येतो, हे मी पाहिले आहे.

आता सरकण्याविषयी. आठव्या महिन्यात तो आधाराशिवाय छान बसू लागला आणि तिथेच रमला. काखेत हात घालून उचलले आणि पाय जमिनीला टेकवायला गेले, की तो पाय खाली सोडण्याऐवजी कमरेत वाकवून दोन्ही पुढे धरी, जणू हवेतच मांडी घालून बसला आहे. मग एके दिवशी लोळत गेलेल्या चेंडूमागे तो बसल्या बसल्या वीतभर पुढे गेला. गुळगुळीत फरशीवर त्याला ही युक्ती लगेच साधली. सासूबाईंनी मायेने अंथरलेल्या गोधडीवर मात्र तो जागचा हलत नसे आणि चिडत असे. मी चिंतेत आहे हे पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, याचा बाप तरी कुठे रांगला? दीड वर्षाचा होईपर्यंत ढुंगणावरच घर पालथं घालायचा. आणि आता बघ, लोकल पकडायला कसा धावतो." मी ते वाक्य जसेच्या तसे वहीत लिहिले, आणि पुढे मॅडमनी जो पहिला प्रश्न विचारला तो नेमका हाच होता, की घरात आणखी कोणी असे सरकत असे का. बसून सरकण्याची ही लकब बऱ्याचदा घराण्यात असते आणि अशी मुले सहसा उशिराच चालतात.

तरीही केवळ आजीच्या साक्षीवर त्यांनी निकाल दिला नाही. स्नायूंचा ताण, पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि खुब्याचे सांधे तपासले. सरकताना तो नेहमी एकच हात टेकवतो की दोन्ही वापरतो, हे विचारले. वर्षाच्या आत मूल एकाच हाताला ठळकपणे झुकते माप देत असेल, तर त्यामागे दुसऱ्या बाजूचा अशक्तपणा असू शकतो. कधी उजवा, कधी डावा, अशी माझी नोंद होती, तिचा इथे उपयोग झाला. मग त्यांनी त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला एक तक्ता पुढे ओढला. जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या सतरा टप्प्यांच्या आडव्या पट्ट्या त्यावर असतात, ज्यांचे डावे टोक तीन टक्के मुलांना तो टप्पा जमतो ते वय दाखवते आणि उजवे टोक सत्त्याण्णव टक्क्यांचे वय दाखवते. बाळाच्या वयाच्या ठिकाणी पेन्सिल उभी ठेवायची, आणि पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपलेल्या पट्ट्यांपैकी एखादी गोष्ट मुलाला येत नसेल तर पुढच्या तपासण्या करायच्या, इतके ते सोपे आहे. आमच्या पेन्सिलीच्या डावीकडचे सगळे त्याला येत होते. चालण्याची पट्टी अजून पेन्सिलीच्या पलीकडेही बरीच उरली होती.

याच सुमारास एका नातलगांनी चाकांचा गोल वॉकर भेट म्हणून आणला. तो आम्ही वापरला नाही. त्यात बसवलेले मूल पायांच्या बोटांवर रेटा देत फिरते, स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही, आणि वेगाने जिन्यापर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोचते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. त्यापेक्षा आपला जुना लाकडी पांगुळगाडा कितीतरी शहाणा, कारण तो ढकलण्यासाठी मुलाला आधी स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला पांगुळगाडा सध्या ताई चालवते आणि धाकटा बसल्या बसल्या त्याचा पाठलाग करतो.

शेजारच्या इमारतीत वेळेच्या दोन महिने आधी जन्मलेले एक बाळ आहे. त्याच्या आईला मी एवढेच सांगते, की वय जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजावे आणि निदान दोन वर्षे तोच हिशेब धरावा. आणि ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी खाजगी दवाखान्याच्या खर्चाकडे पाहून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. विकासातील विलंब ओळखणे हे त्या कार्यक्रमाचे एक काम आहे आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. कोणत्याही वयात आलेले कौशल्य नाहीसे होणे, म्हणजे बडबडणारे मूल गप्प होणे किंवा बसणारे मूल कोलमडू लागणे, ही मात्र थांबून पाहण्याची गोष्टच नाही. तिथे त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावे.

धाकट्यासाठी मॅडमनी अठरा महिन्यांची सीमा घातली आहे. तोवर तो चालला नाही तर पुन्हा सविस्तर तपासणी होईल. बूस्टरची लस साधारण त्याच सुमारास असल्याने वेगळी फेरी पडणार नाही. दरम्यान आमच्यापुढचा प्रश्न कपड्यांचा आहे. घोडबंदर रस्त्याच्या कामांची धूळ दोनदा पुसूनही फरशीवर बसतेच, त्यामुळे त्याच्या विजारी गुडघ्यांना कोऱ्या करकरीत आणि बैठकीला काळ्याकुट्ट व झिजलेल्या असतात. सासूबाईंनी माझ्या जुन्या जीन्सचे तुकडे कापून त्यांवर मोठी ठिगळे लावून दिली आहेत, आणि जाड कापडामुळे त्याचा वेग थोडा कमी झाल्याचे मी वहीत नोंदवले आहे.