टाकीजवळची तिरंगी मांजर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळची मांजर. काळी, केशरी, पांढरी. दहावीला सायन्सच्या बाई गुणसूत्रं शिकवत होत्या, मुलांना एक्स-वाय, मुलींना एक्स-एक्स, तर मी विचारलं, मग मुलींमध्ये डबल काम होतं का? बाई म्हणाल्या, बघून सांगते. आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग खाली टाकीपाशी! बाईंनी सांगितलं, १९६१ मध्ये ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो, कुठे हा कुठे तो, आणि केशरी की काळा हे ठरवणारं जीन एक्सवरच असतं, म्हणून हिच्या अंगावर कुठे केशरी कुठे काळं, आणि म्हणूनच अशी मांजर जवळपास नेहमी मादीच असते. मधली सुट्टी संपली तरी मी तिचे डागच बघत होते, डबा तसाच राहिला.

बारावीला असताना आजी ठाण्यातल्या कोपिनेश्वरच्या देवळात गेली ती घरचा रस्ताच विसरली, तलावपाळीला बाकावर बसलेली सापडली. अल्झायमर. आजोबा तिच्याहून मोठे, पण डोकं एकदम लख्ख. पुढे कळलं, अमेरिकेत अल्झायमरच्या पेशंटमध्ये जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत, पार्किन्सन्स म्हणजे कंपवात मात्र पुरुषांना जास्त होतो, आणि तरी कित्येक वर्षं मेंदूचे प्रयोग बहुतेक नर उंदरांवरच चालायचे. हे वाचून मला खरंच राग आला होता. आज मी यावरच काम करते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मेंदूशास्त्रज्ञ डॉ. डीना डुबल यांच्या टीमने २०२० मध्ये दाखवलं की अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांमध्ये दुसरा एक्स असला की मेंदू जास्त तग धरतो, मग त्या उंदराला अंडाशय असो की वृषण. आणि २०२५ मध्ये तर त्यांना दिसलं की म्हाताऱ्या उंदीर-माद्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी जिथे तयार होतात तिथे, झोपलेल्या एक्सवरची काही जीन्स जागी होतात! त्यातलं पीएलपी१ हे मज्जातंतूंच्या आवरणाचं जीन म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत वाढवलं तर नर-मादी दोघांचीही स्मरणशक्ती सुधारली. त्या रात्री मला झोप लागली नाही, सारखी आजी आठवत होती.

बाई, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की झोपलेला एक्स आयुष्यभर झोपूनच राहतो. पुस्तकात तेच होतं. कार्यक्रमाला तुम्ही येणार असं ऐकलंय, तर आधी थोडा वेळ मला द्या, मी लॅपटॉप घेऊन येतेय, टाकीपाशीच भेटू.