आमची वाटचाल: एबीआयपासून स्क्रीनपर्यंत

सुरुवातीला आम्ही चारचौघांसारखीच एक डेव्हलपमेंट एजन्सी होतो. क्लायंटची टीम सोलिडिटी या भाषेत स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, लिहायची, ऑडिट करून घ्यायची आणि मग म्हणायची, "आता फक्त फ्रंटएंड जोडायचं राहिलंय." त्या 'फक्त'वरच आमचा धंदा उभा राहिला.

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तेच काम. वॉलेट (वापरकर्त्याच्या वतीनं व्यवहारावर सही करणारं ॲप) जोडा, नेटवर्क तपासा, कॉन्ट्रॅक्टमधल्या एकेका फंक्शनसाठी हूक (स्क्रीनवरून ते फंक्शन बोलावणारा कोड) लिहा. कॉन्ट्रॅक्ट कंपाइल केलं की एबीआय मिळतो, म्हणजे कॉन्ट्रॅक्टशी कसं बोलायचं याचं वर्णन. ही एक जेसॉन फाइल. कुठलं फंक्शन, त्याचे पॅरामीटर कोणत्या प्रकारचे, ते नुसतं वाचतं की चेनवर काही बदलतं, हे सगळं तिच्यात असतं. मग तेच परत हातानं कशाला लिहायचं? शिवाय हातानं लिहिलेलं मागे पडतं. चेनवर फंक्शनचं नाव जातच नाही. नाव आणि पॅरामीटरचे प्रकार मिळून केच्चाक-२५६ हॅश (ठरावीक लांबीचा ठसा) निघतो, त्यातले पहिले ४ बाइट जातात. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी एका पॅरामीटरचा प्रकार बदलून नव्यानं डिप्लॉय केलं की हे ४ बाइट बदलले, आणि जुनं बटण बंद घराची बेल वाजवत बसलं.

म्हणून एबीआय वाचून टाइपस्क्रिप्ट आणि रिॲक्टचा कोड तयार करणारा जनरेटर आम्ही आधी स्वतःपुरता लिहिला. नंतर क्लायंट तोच मागू लागले.

एवढं करणारी मोफत टूल्स आहेतच. टाइपचेन आहे, वाग्मीचं सीएलआय आहे, आणि दोन्ही चांगली आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. आम्ही लक्ष घातलं ते एबीआय जे सांगत नाही त्यात.

एबीआयमध्ये 'यूइंट२५६' दिसतं, म्हणजे नुसता एक पूर्णांक. ही टोकनची रक्कम आहे, तारीख आहे, की नुसता आयडी? फाइल गप्प. रक्कम असेल तर दशांश किती? ईथर या चलनाला १८, डॉलरशी बांधलेल्या यूएसडीसी टोकनला बहुतेक चेनवर ६. इथे चुकलात तर आकडा लाखकोटी पटीनं हलतो. त्यात जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच नेमका राहतो, आणि एक शतांश ईथरसुद्धा वेईत, म्हणजे ईथरच्या सर्वांत लहान एककात, मांडला की ही मर्यादा ओलांडतो. त्यामुळे आमचा जनरेटर सगळीकडे बिगइंटच (कितीही मोठा पूर्णांक नेमका ठेवणारा प्रकार) वापरतो. आणि डेव्हलपरला एका छोट्या फाइलमध्ये विचारतो: हा आकडा कशाचा? उत्तर दिलं नाही तर पूर्णांक जसाच्या तसा दाखवतो. "नावावरून अंदाज बांधा ना," असं बरेच जण सुचवतात. नाही बांधत. पैशाच्या आकड्याबाबत टूलनं अंदाज बांधू नये, या मतावर मी ठाम आहे, मग त्यापायी एखादं काम हातचं गेलं तरी चालेल.

दुसरा भाग व्यवहाराच्या अवस्थांचा. वापरकर्त्यानं वॉलेटमध्ये नकार दिला तर ४००१ हा कोड येतो. ती त्रुटी नव्हे, तो त्याचा निर्णय, म्हणून तिथे लाल पट्टी नको. सही झाली पण ब्लॉकमध्ये अजून गेला नाही, गेला पण रिव्हर्ट झाला (अपयशी होऊन उलटला), जास्त गॅस (व्यवहाराचं शुल्क) देऊन त्याच्या जागी दुसराच पाठवला, या प्रत्येकाला वेगळी स्क्रीन लागते. टोकनच्या कामात तर बहुधा आधी टोकन वापरू देण्याच्या मंजुरीचा व्यवहार आणि मग खरा. पहिल्यानंतर 'झालं' असं दाखवलं की लोक टॅब बंद करून निघून जातात.

या क्षेत्रात पायाखालची जमीन सतत सरकते. जानेवारी २०२१ मध्ये मेटामास्क या वॉलेटनं पानात वेब३ जेएस ही लायब्ररी घालणं थांबवलं. ईथर्स जेएस या दुसऱ्या लायब्ररीच्या सहाव्या आवृत्तीत बिगनंबर जाऊन बिगइंट आला. एकाच ब्राउझरमध्ये अनेक वॉलेट असतील तर कुठलं निवडायचं, यासाठी २०२३ मध्ये ईआयपी-६९६३ हे मानक आलं. मार्च २०२५ मध्ये वेब३ जेएसचा विकासच थांबला. दर वेळी आम्ही टेम्प्लेट बदलतो, क्लायंट कोड पुन्हा जनरेट करतात. आमचं नियमित उत्पन्न खरं तर यातूनच येतं.

हल्ली पहिल्याच मीटिंगला प्रश्न येतो: "हे एआय लिहून देईल की!" देईल, आणि बरं लिहील. स्क्रीनची मांडणी आम्हीही त्याच्याकडूनच करून घेतो. पण जनरेटरला तोच एबीआय आणि 'हा आकडा कशाचा' याची तीच उत्तरं दिली की अक्षरन् अक्षर तीच फाइल मिळते. त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट बदललं तर डिफमध्ये तेवढाच बदल दिसतो आणि तपासणारा तेवढाच वाचतो. सह्या आणि पैसे जिथून जातात तो थर आम्ही म्हणूनच मॉडेलच्या हाती देत नाही.

सध्या काम चालू आहे ते कस्टम एररवर. सोलिडिटी ०.८.४ पासून कॉन्ट्रॅक्टला स्वतःच्या त्रुटी नावानिशी देता येतात आणि त्या एबीआयमध्येही उतरतात. प्रत्येक त्रुटीपुढे वापरकर्त्याला कळेल असं वाक्य लिहिल्याशिवाय बिल्ड पुढे जाणार नाही, अशी सोय आम्ही करतो आहोत. आमच्याच टीममधल्या निम्म्यांना हे जाचक वाटतं, त्यामुळे पहिल्या आवृत्तीत ते बंद करण्याचा पर्याय ठेवला आहे.