पाचव्या मिनिटाला बंद पडणारं जेट

रिमोटने उडवायचं हॉक जेटचं मॉडेल वर्कशॉपला आलं तेव्हा त्याचं नाकाचं चाक मोडलेलं होतं आणि पंखाच्या सांध्यात उसाची पाती अडकली होती. आणणारे काका शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या लाल-पांढऱ्या रंगात हे मॉडेल त्यांनी स्वतः रंगवलेलं. लांबी दोन मीटरच्या वर, वजन चौदा किलो आणि पोटात 140 न्यूटनचं टर्बाइन (छोटं जेट इंजिन), म्हणजे वजनाला वजन भरेल एवढा जोर.

"झालं काय, काका?"

"हवेत बंद पडतंय, दुसरं काय! मागच्या खेपेला कसंतरी धावपट्टीवर आणलं. ह्या खेपेला उसात गेलं. बेअरिंगा गेल्यात म्हणतात. तू बघ, नाहीतर इंजिन बाहेर पाठवतो."

बाहेर म्हणजे परदेशी, कंपनीकडे. जायला-यायला वेळ, कस्टम, खर्च. आणि तिथून इंजिन धडधाकट असल्याचा कागद आला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हटलं, ठेवून जा.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी आधी डिझेलचे पंप आणि नोझल करायचो, मग टर्बोचार्जर. तिथून या इंजिनांकडे येणं मला अवघड गेलं नाही. मॉडेलच्या टर्बाइनचा पुढचा कॉम्प्रेसर पाहिला की टर्बोवाला लगेच ओळखतो. हौशी लोकांनी सुरुवातीची कितीतरी इंजिनं टर्बोचाच कॉम्प्रेसर वापरून बांधली. त्याच्याही आधी जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी प्लायवूडचा कॉम्प्रेसर करून, त्याला कार्बन फायबरने बळकटी देऊन घरी टर्बाइन चालवून दाखवलं होतं. लाकडाचा तो पंखा मिनिटाला हजारो फेरे सोसत होता, हे आठवलं की आजही माझा हात आपसूक कानाच्या पाळीला जातो.

काकांचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला सव्वा लाख फेरे घेतं. एवढ्या वेगात बेअरिंगला वेगळं वंगण नसतं. रॉकेलमध्ये पाच टक्के टर्बाइन ऑइल मिसळायचं, त्यातलाच थोडा भाग बेअरिंगकडे जातो. म्हणून इंधनाच्या कॅनबद्दल मी फार कडक आहे. वीस लिटरला एक लिटर तेल, गाळून, झाकण बंद. रेशनचं निळं रॉकेल माझ्याकडच्या इंजिनात जात नाही.

आधी इंजिन विमानातून काढून स्टँडवर बांधलं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हाताशी (पावडरचा मारला तर आग विझते, पण इंजिनही जातं), कानाला मफ, मागच्या बाजूला कुणी नाही. बटण दिलं. स्टार्टरने रोटर फिरवायला घेतला, इग्नायटर तापला, इंधनाचे पहिले थेंब गेले आणि आत 'भप्प' झालं. मग ती शीळ चढत जाते. तीस हजारांच्या आसपास स्टार्टर सुटतो आणि इंजिन स्वतःच्या जिवावर धावू लागतं. आयडल ते फुल, फुल ते आयडल, सगळं करून पाहिलं. कुठे अडखळलं नाही. बंद केल्यावर स्टार्टरनेच फिरवून ते थंड करतं, तोवर थांबलो. मग कॉम्प्रेसरचा नट बोटाने फिरवून सोडला. खरखर नाही, अडणं नाही, हळूहळू थांबला.

बेअरिंग चांगली होती. हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, मग विमानातच का बंद पडतंय?"

प्रश्न बरोबर होता. स्टँडवर इंजिन होतं, पण टाकी माझी होती, नळ्या माझ्या होत्या.

ईसीयूमधली, म्हणजे इंजिनाचं इंधन आणि फेरे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतली, शेवटच्या उड्डाणाची नोंद लॅपटॉपवर घेतली. जेटवाल्यांनी हे आकडे वाचायला शिकलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इंजिन एक लाखाच्या वर चाललेलं, मग फेरे उतरायला लागले. बेअरिंग धरत असती तर फेरे टिकवायला ईसीयूने इंधन वाढवलं असतं आणि धुराड्याचं तापमान चढलं असतं. इथे तापमान फेऱ्यांबरोबरच खाली येत होतं, आणि पंपाचा व्होल्टेज मात्र वर वर जात होता. ईसीयू पंपाला सांगतंय आण, आण. पंप जोर लावतोय आणि पोचतंय काहीच नाही.

हे चित्र मी शेकडो ट्रॅक्टरवर बघितलंय. लाइनने एअर धरली की असंच होतं. टाकी ते पंप या ओढीच्या बाजूला नळीला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि माणूस इंजिन उघडून बसतो.

काकांना फोन लावला. "दोन्ही वेळेला बंद किती वेळाने पडलं?"

"पाचव्या मिनिटाच्या पुढं. दोन्ही वेळेला तेवढंच. जमिनीवर कधी बंद पडलं नाही."

"जमिनीवर किती वेळ चालवता?"

"मिनिट, दोन मिनिटं. टाकी भरलेली असते."

साडेतीन लिटरची टाकी. उडताना थ्रॉटल वर-खाली धरून मिनिटाला साडेतीनशे मिलीलिटर जातं. पाच मिनिटं म्हणजे निम्मी टाकी. आता मला कुठे बघायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका आले. इंजिन परत विमानात बसवलं, विमान मागच्या अंगणात लोखंडी खांबाला दोरखंडाने आवळून बांधलं आणि टाकीत मुद्दाम निम्म्याच्या जरा वर इंधन भरलं. वरचं झाकण काढून एअर ट्रॅप डोळ्यांसमोर ठेवला. ही पारदर्शक छोटी टाकी मुख्य टाकी आणि पंप यांच्या मध्ये असते. आत गाळणीची पिशवी, ती इंधन ओढते आणि बुडबुडे बाहेरच अडवते. निरोगी विमानात तिच्या डोक्याशी मसुरीएवढा बुडबुडा असला तर असतो.

इंजिन चालू झालं. पोरगा सिलिंडर घेऊन उभा, काकांच्या हातात ट्रान्समीटर, मी बाजूने वाकून ट्रॅपकडे बघतोय. पाऊण थ्रॉटल. पहिलं मिनिट काही नाही. मग नळीतून एक बुडबुडा आला. त्याच्या मागे दुसरा, आणि मग माळेतल्या मण्यांसारखी रांगच लागली. ट्रॅपमधली पातळी दिसता दिसता उतरायला लागली. मी काकांना खूण करून बोलावलं. त्यांनी बघितलं, आणि मी हाताने 'बंद' म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच थ्रॉटल ओढला होता.

मुख्य टाकीचं बूच पुढच्या तोंडावर, निम्म्या उंचीवर. त्यातून पितळी नळी आत जाते, तिला मऊ नळी आणि टोकाला वजन, म्हणजे क्लंक. विमान कसंही कलंडलं तरी ते इंधनाकडे झुकतं. बूच काढून सगळं बाहेर ओढलं. पिवळी मऊ नळी रॉकेलने कडक झाली होती. पितळेवर जिथे ती चढवली होती तिथे, पितळी नळीच्या कापलेल्या धारदार काठाला लागून, नखाएवढी चीर. बोटांनी वाकवली तेव्हाच दिसली. टाकी भरलेली असताना ही चीर इंधनात बुडालेली, म्हणून तिथून इंधनच जायचं. पातळी निम्म्याखाली गेली की ती उघडी, आणि पंपाला हवा ओढणं सोपं.

काका बराच वेळ ती नळी हातात धरून होते. "एवढ्यासाठी मी इंजिन बाहेर पाठवणार होतो," म्हणाले.

दुरुस्ती साधी, पण ती मन लावून करावी लागते. नवी पितळी नळी कापली, काठ आतून-बाहेरून घासून गुळगुळीत केला, टोकाला तांब्याच्या तारेचं वेटोळं झाळून उंचवटा केला म्हणजे मऊ नळी सरकत नाही. वरून केबल टायऐवजी मऊ तार दोन फेरे गुंडाळून पीळ दिला. केबल टाय गोल दाबत नाही, एका बाजूला फट ठेवतो. क्लंकचं फेल्टही बदललं. पुन्हा बांधून टाकी तळाला जाईपर्यंत चालवलं. ट्रॅप काठोकाठ.

उडवायला पहाटे गेलो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. उन्हं चढली की हवा आणखी विरळ होते आणि इंजिनाचा जोर कमी पडतो, त्यामुळे जड जेट सकाळीच उडवावं. काकांना एवढंच सांगितलं, चार मिनिटं झाली की पट्टीच्या जवळ आणि उंचीवर राहा, म्हणजे बंद पडलं तरी तरंगत आणता येईल. पाचवं मिनिट गेलं. सहावं गेलं. काकांनी एक सावकाश रोल घेतला. लाल पोट उन्हात चमकलं तेव्हा पोरगा ओरडला, आणि मीही ओरडलो. सातव्याला टायमर वाजला आणि हॉक चाकांवर उतरलं.

टाकीतलं उरलेलं इंधन मोजून कॅनमध्ये परत घेतलं, हिशोबाला जुळलं. काकांनी तिथेच मार्करने टाकीवर नळ्या बदलल्याची तारीख लिहिली. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक टाकीवर ती लिहिली जाते आणि पुढच्या सीझनआधी आतली नळी बदलूनच विमान जातं. इंजिनाचे पंचवीस तास भरले की ते सर्व्हिसला जाईल, बेअरिंग तेव्हा बघू.