सर्जा मेला नव्हता

मे महिन्यातला रविवार. त्रिमूर्ती नगरात आमच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण बसलो होतो, कूलर फुल, मधे सतरंजीवर नकाशा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढे नेत खेळायचा खेळ, सुरू करून तीन महिने झाले होते आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियम सांभाळणारा, मी होतो. मामेभाऊ नुकताच दहावीच्या परीक्षेतून सुटलेला. त्याचं पात्र सर्जा, तिसऱ्या लेव्हलचा फायटर म्हणजे लढवय्या. पूर्ण हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, 28, त्यातले 7 उरलेले. ओगर नावाच्या राक्षसाचा सोटा बसला, 18 डॅमेज. मी सातातून अठरा वजा केले आणि म्हणालो, "उणे अकरा. सर्जा गेला."

"गेला म्हंजे?"

"मेला."

तो काही बोलला नाही. कॅरेक्टर शीटची मधोमध घडी घातली आणि त्या घडीवरून नख फिरवत बसला. क्लेरिक, म्हणजे मंत्रांनी जखमा भरणारी पुजारीण, खेळणारी मैत्रीण मात्र उसळली. "लगेच माझाच टर्न येऊन राहिला होता नं! हीलिंग वर्ड मंत्र आहे माझ्याजवळ. एक चान्स तरी द्यायचा होता त्याले."

ती बरोबर होती, पण हे मला कळलं रात्री, पुस्तक उघडल्यावर. मी हा खेळ शिकलो कॉलेजच्या हॉस्टेलवर, एका सिनियरकडून, आणि तो खेळायचा 2000 साली आलेली तिसरी आवृत्ती. तिच्यात उणे एक ते उणे नऊ म्हणजे मरणासन्न, उणे दहा झालं की मृत्यू. आमच्याकडचं पुस्तक 2014 चं, पाचव्या आवृत्तीचं. यात उणे आकडा नाहीच. शून्यावर आलात की बेशुद्ध. एकाच फटक्यात मरायचं असेल तर शून्याच्या खाली उरलेलं डॅमेज तुमच्या पूर्ण हिट पॉइंटइतकं तरी लागतं. सर्जासाठी 28. उरले होते 11. म्हणजे पोरगा जिवंत होता, आणि मी डोक्यातल्या जुन्या हिशोबावर त्याला मारून टाकलं होतं.

रात्री अकराला फोन केला. "सर्जा मेला नाही. चूक माझी झाली."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "दादा, माझ्यासाठी सोडून तर नाही देऊन राहिला तू?"

त्याला दया नको होती. मी त्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. पुढच्या रविवारी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले, माफी मागितली आणि खेळ त्याच क्षणापासून परत सुरू केला.

मधल्या आठवड्यात मी मरणाचे नियम नीट वाचले, इतके की फासे हातात घेऊन एकट्यानंच खेळून पाहिले. बेशुद्ध माणसाचा टर्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. 10 किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. ताकद, चपळाई, काहीही त्यात मिळवायचं नाही. तीन यशं झाली की प्रकृती स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. 1 आला तर दोन अपयशं, 20 आला तर एक हिट पॉइंट घेऊन डोळे उघडतात. कुणी मदत केली नाही आणि वरून मारही बसला नाही, तरी दहापैकी साधारण सहा वेळा माणूस वाचतो. पण एक राउंड, म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न, गोष्टीत सहा सेकंदांचा. म्हणजे अठरा सेकंदांत निकाल लागू शकतो, आणि 1 पडला तर बारातच. 1974 च्या मूळ खेळात तर शून्य म्हणजे संपलं. मधल्या इतक्या वर्षांत या खेळानं मरणाऱ्याला जे दिलं ते हे दोन-तीन टर्न, आणि मला वाटतं ते त्याच्यापेक्षा त्याच्या सोबत्यांसाठी आहेत. मी नेमके तेच मैत्रिणीकडून हिसकावून घेतले होते.

आमच्यासाठी ही गोष्ट आणखीच मोठी होती. मेलेल्याला उठवणारा रिव्हिव्हिफाय मंत्र क्लेरिक पाचव्या लेव्हलला पोचल्यावर मिळतो, आणि त्याला 300 सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात. आमची क्लेरिक तिसऱ्या लेव्हलला, गाठीला 40 नाणी.

नियम बरोबर झाले तशी दुसरी अडचण दिसू लागली. सगळे फासा उघड्यावर टाकायचे. सर्जा पडला, पहिला 14 आला की बाकीचे निवांत: "आहे अजून वेळ, आधी ओगर पाडू." शिवाय हीलिंग वर्ड साठ फुटांवरून चालतो, म्हणून कुणी पडायच्या आधी उपचार करेना. पडू द्या, उठवू, परत पडू द्या. एका लढाईत सर्जा तीनदा पडला आणि तीनदा उठला. मला ते बघवेना.

पाथफाइंडर हा असाच दुसरा एक खेळ. त्याच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर छान तोड आहे: उठलेला माणूस जखमी राहतो आणि पुढच्या वेळी पडला की मृत्यूच्या एक पायरी जवळ असतो. पण दोन पुस्तकांची भेसळ करून मी एकदा पोळलो होतो. म्हणून आमच्याच पुस्तकातला थकवा वापरला, दर पडण्यामागे एक लेव्हल. तो प्रयोग फसला. थकव्याच्या तिसऱ्या लेव्हलला हल्ल्यातसुद्धा दोन फाशांतला कमी आकडा धरावा लागतो आणि एका लाँग रेस्टमध्ये, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीत, एकच लेव्हल उतरते. सगळी टोळी तीन दिवस गुहेत झोपून राहिली. मग सगळ्यांच्या संमतीनं ठरलं: दिवसातलं पहिलं पडणं माफ, दुसऱ्यापासून थकवा.

पडलेल्यावर वार करायचा का, यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे दोन अपयशं. दोन वार आणि खलास. भुकेलं जनावर किंवा सूड घ्यायला आलेला शत्रू तसं करेल, बाकीचे उभ्या माणसाकडे वळतील, आणि असा शत्रू समोर येताच मी ते आधी सांगेन, असं ठरलं.

उघड्या फाशांवरचा उपाय मामेभावानं काढला. स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली. "याच्याखाली टाकू. फक्त ज्याचं कॅरेक्टर पडलं त्यानं पाहायचं, अन् तू."

गेल्या रविवारी सर्जा परत पडला, दिवसात दुसऱ्यांदा. त्यानं फासा वाटीत हलवला, वाटी सतरंजीवर पालथी केली, काठ बोटभर उचलून एक डोळा लावला. मी वाकून पाहिलं. त्यानं हाताखालच्या कागदावर खूण केली. चेहऱ्यावर काही नाही. पुढच्या राउंडला परत तसंच.

क्लेरिकजवळ मंत्र संपले होते. तिच्यासमोर जादूगार होता, आठ-दहा हिट पॉइंट उरलेला, एका घावाचा धनी. ती वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे त्याले. मी सर्जाकडे धावते, हीलर्स किट वापरते." मलमपट्टीच्या या किटला फासा लागत नाही. सर्जा स्थिर झाला. जादूगार भुयारातून निसटला.

मामेभावानं वाटी उचलली. खाली 6 होता. मग त्यानं कागदावरचा हात काढला. त्याच्या आधी 4 पडला होता.

"अबे," ती म्हणाली आणि तिनं त्याचं डोकं जवळ ओढलं.