वळवाच्या पावसात डिश टिकवताना

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची ६० सेंमीची थाळी. पाऊस आला की चित्र गोठायचं आणि पाऊस थांबून दोन तास झाले तरी परत यायचं नाही. ही खूण महत्त्वाची. पावसामुळे गेलेला सिग्नल सर ओसरली की काही मिनिटांत येतो. ऊन पडेपर्यंत येत नसेल तर पाणी जोडात शिरलंय.

खात्रीसाठी कोरड्या दिवशी टीव्हीवर सिग्नलचं पान उघडून मगभर पाणी ओतलं: आधी थाळीवर, मग एलएनबीच्या (थाळीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) टोपीवर, शेवटी केबलच्या जोडावर. जोडावर ओतताच क्वालिटीचा आकडा कोसळला. केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो, त्यामुळे पाणी लागलं की गंज झपाट्याने चढतो. आतली जाळी काळी पडली होती. लखलखीत तांबं दिसेपर्यंत केबल कापत गेलो, नवा एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून बसवला, त्यावर एकजीव होणारा रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळला. वरून खाली गुंडाळला तर प्रत्येक वेढा पाणी अडवतो. केबलला जोडाखाली एक झोळ ठेवला, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. साधा वायरिंगचा टेप इथे नको; तो पाणी आत कोंडून ठेवतो.

आता खरा पाऊस. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. त्याचा केयू बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, अडीच सेंमीच्या आसपासच्या लहरीचा. टपोरे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. १२ गिगाहर्ट्झला तासाला १० मिमीची रिपरिप किलोमीटरमागे ०.४ डेसिबलही (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक) खात नाही, १०० मिमीचा वळीव मात्र साडेपाच खातो. शिवाय पाऊस स्वतःचा गोंगाट, म्हणजे नको असलेल्या रेडिओ लहरी, वाढवतो. म्हणून आषाढाची झड निभते, मे महिन्यातला वळीव नाही. केबलवाल्यांच्या जास्त लांब लहरीच्या सी बँड डिशला याची झळ फारशी लागत नाही.

उपाय एकच, पावसाने खाल्ले तरी पुरतील एवढे डेसिबल शिल्लक ठेवणे. पाइप दोन बाजूंनी पाणसळीने सरळ केला. कोल्हापुरातून उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून उजवीकडे मोजून सुमारे १२९ अंशांवर, क्षितिजापासून उंची ६० अंश. पण ऑफसेट थाळी (जिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो) दिसायला बरीच उभी राहते, त्याला फसू नये. स्ट्रेंग्थकडे न पाहता क्वालिटीवर बेतलं: थाळी केसभर हलवायची, तीन सेकंद थांबायचं. मग एलएनबी क्लॅम्पमध्ये फिरवून पाहायचा. बोल्ट आळीपाळीने आवळले, कारण एकच गच्च केला की थाळी सरकते.

एवढ्यानेही वळीव भारी पडत होता, तेव्हा ९० सेंमीची थाळी लावली. साडेतीन डेसिबल जास्त मिळतात, पण थाळी ज्या कोनातून सिग्नल घेते तो झोत तीनऐवजी दोन अंशांचा होतो, वाऱ्याने हललेली थाळी लगेच कळते. बॉक्सजवळ अँप्लिफायर लावणं व्यर्थ. सिग्नलसोबत गोंगाटही तेवढाच वाढतो.

रंकाळ्याकडून आलेली सर अजूनही दोन-चार मिनिटं चित्र घालवते, तीही गच्चीवरून पुढे आग्नेयेला सरकल्यावर.