मोनेचे फोटो, वही नंबर २: पुलावरचा मांडव

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे जुने फोटो मी वहीत लावतोय, पण या महिन्यात काम पुढे जायच्या ऐवजी मागेच आलं, चिकटवलेली सहा पानं उचकटून काढावी लागली. कारण ऐका. झिव्हर्नी गावातल्या त्याच्या बागेत, तळ्यावरच्या जपानी पद्धतीच्या पुलावर उभ्या असलेल्या मोनेचा एक फोटो मी ‘१९०० च्या आसपास’ म्हणून बिनधास्त लावून टाकला होता, दाढी जरा काळीपांढरी दिसते एवढ्यावरून. बायको चहा घेऊन आली, पान बघितलं आणि म्हणाली, अहो पण शेजारी तुम्हीच लावलेल्या १८९९ च्या चित्रात पूल उघडा आहे, मग फोटोत वर वेलाचा मांडव कुठून आला? झालं! बरोबरच होतं तिचं. १८९३ ला त्याने रेल्वेलाइनीपलीकडची जमीन घेऊन तळं केलं, १९०१ ला आणखी जमीन घेऊन ते वाढवलं, आणि विस्टेरियाचा वेल चढवायचा तो मांडव पुलावर नंतर आला. म्हणजे फोटो पुढच्या काळातला. दाढीवर भरवसा नाही, उजेड कसा पडलाय त्यावर ती पांढरी काळी दिसते, मांडव मात्र खोटं बोलत नाही. आता पुलाचे सगळे फोटो परत तपासतोय.

फोटोग्राफर नादारच्या स्टुडिओतला १८९९ चा पोर्ट्रेट जागेवरच आहे, त्याची तारीख पक्की. (१८७४ चं मोने ज्यांच्यातला त्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन नादारच्याच जुन्या स्टुडिओत भरलं होतं, म्हणून त्याला पूर्ण पान दिलंय, जरा लाड.)

व्हेनिसचं पान सगळ्यात आवडतं झालंय. १९०८ च्या शरदात मोने आणि त्याची बायको अ‍ॅलिस गेले होते, सेंट मार्क चौकात दोघं कबुतरांच्या घोळक्यात उभे, एक कबूतर तर त्याच्या डोक्यावर, एरवी कॅमेऱ्यासमोर इतका गंभीर माणूस आणि इथे अगदी कुठल्याही टुरिस्टसारखा. १९११ मध्ये अ‍ॅलिस गेली, तिथली चित्रं १९१२ ला पॅरिसात मांडली गेली तेव्हा ती नव्हती. हे माहीत झाल्यापासून त्या फोटोखाली काय लिहावं सुचत नाहीये, नुसतं ‘१९०८’ लिहून ठेवलंय.

त्याने स्वतः काढलेला एक फोटो मात्र कुठे लावू तेच कळेना. कमळांच्या तळ्यात त्याची टोपीवाली सावली पडलीये बस, चेहरा नाही काही नाही. साधारण १९०५ चा मानतात. पोर्ट्रेटमध्ये घालू का बागेत? सध्या वहीच्या पहिल्या पानावर, कव्हरच्या आत.

प्रिंटचा एक घोळ झाला, दुकानदाराने विचारल्याशिवाय सगळ्यांना तपकिरी टोन मारला, त्यात १९२१ चा ऑटोक्रोमसुद्धा! म्हणजे बटाट्याच्या स्टार्चचे रंगीत कण वापरून काचेवर घेतलेला अस्सल रंगीत फोटो, आणि तो पण तपकिरी. परत काढायला दिलाय, शनिवारी मिळेल, मग १९२३ च्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे चष्मेवाले फोटो घेतो.